पिजदुऱ्याचं शेण

डायनोसॉरचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यापुढे हाडंच येतात. पण मी नागपुरात उभी हयात भूविज्ञान शिकवण्यात घालवली. मला विचाराल तर विदर्भाने या अभ्यासाला दिलेली सगळ्यात मोलाची चीज हाड नव्हे, शेण आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातल्या पिजदुरा गावच्या शिवारात पडलेलं, दगड झालेलं शेण. वर्गात हे पहिल्यांदा सांगितलं की मागच्या बाकांवर हशा पिकायचा. पिकू द्यायचा. हसलेली मुलं ती गोष्ट विसरत नाहीत.

हाडांची कहाणी आधी उरकून घेऊ. 1828 साली जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर कॅप्टन स्लीमन याला दगड झालेले काही मणके मिळाले. पुढे ठगांचा बंदोबस्त केला तोच हा स्लीमन. ‘डायनोसॉर’ हा शब्द तेव्हा जन्मायचा होता. तो रिचर्ड ओवेनने घडवला 1842 मध्ये. मणके या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरत कलकत्त्याला पोचले आणि 1877 मध्ये रिचर्ड लायडेकरने त्या प्राण्याचं बारसं केलं: टायटॅनोसॉरस इंडिकस. त्यावरून ‘टायटॅनोसॉर’ हे एका अख्ख्या कुळाचं नाव जगभर रूढ झालं. गंमत अशी की ज्या लक्षणांवर नाव ठेवलं ती त्या कुळातल्या कितीतरी प्राण्यांत आढळतात, म्हणून 2003 मध्ये अभ्यासकांनी ती जातच ग्राह्य नसल्याचं ठरवलं. कूळ राहिलं, मूळपुरुष बाद झाला. दरम्यान मणकेही गहाळ झालेले. त्यातला एक 2012 मध्ये कोलकात्याच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा हाती लागला. तो शोधणाऱ्यांत आमचे डॉ. धनंजय मोहबे होते. गुजरातेतल्या डायनोसॉरच्या अंड्यांवर ज्यांनी मूलभूत काम केलं, तेच हे मोहबे.

आता विदर्भात येऊ. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आला तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य चालू होतं. आला धर्मप्रचाराला, काढली शाळा, आणि जडला दगडांचा नाद. सोबत रॉबर्ट हंटर हा दुसरा पाद्री. दोघांनी नागपूरच्या आसपासचा मुलूख पायाखाली घातला. टाकळीला त्यांना लाव्हाच्या दोन थरांमध्ये चेपून राहिलेला तळ्याचा गाळ सापडला, त्यात बिया, फळं, कीटक. दोन उद्रेकांच्या मध्ये इथे पाणी होतं, झाडं होती, जीव नांदत होते, याचा हा ढळढळीत पुरावा. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीत मिळालेली उभयचराची कवटी लंडनला गेली आणि तिचं वर्णन केलं त्याच ओवेनने. 1855 मध्ये हिस्लॉप-हंटर यांचा नागपूरच्या भूविज्ञानावरचा निबंध लंडनमध्ये छापून आला. आम्ही विद्यार्थ्यांना तो अजून वाचायला लावतो, कारण या दोघांना कुठल्या विद्यापीठाने या कामासाठी धाडलं नव्हतं. बघायची नजर होती, एवढंच.

पिजदुऱ्याच्या हाडांकडे लक्ष वेधणारा हिस्लॉपच. मात्र फार काळ त्याला मिळाला नाही. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना भर पावसाळ्यात फुगलेल्या नाल्यात तो बुडून गेला. वय पंचेचाळीस. त्याच्या नावाचं कॉलेज वीसेक वर्षांनी निघालं, आणि आज नागपुरात हिस्लॉप म्हटलं की कॉलेजच समजतात.

पिजदुऱ्याला फार मोठी खोदाई करावी लागत नाही, हे तिथलं वैशिष्ट्य. दख्खनच्या काळ्या दगडाखाली लमेटा नावाचा गाळाचा थर आहे, सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून त्याला हे नाव पडलं. पिजदुऱ्याच्या शेतांत याच थराची तांबूस माती उघडी पडलेली आहे. नांगर चालला, वरून एक-दोन सरी पडल्या की मातीतून तुकडे धुऊन वर येतात. मी मुलांना घेऊन जायचो ते शेतमालकाची परवानगी काढून, धुऱ्याधुऱ्याने. तिथे एक जुनी युक्ती शिकवायचो: तुकडा हाडाचा की साध्या दगडाचा अशी शंका आली तर जिभेला लावून बघा, हाड सच्छिद्र असतं, चिकटतं. मुलं उत्साहाने दिसेल ते चाटत सुटायची. मग एखाद्याच्या हातातला गोळा बघून सांगावं लागायचं, बाबा, हा नको, हे शेण आहे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने एकदा बांधावरून विचारलं होतं, “शेणासाठी नागपूरहून गाडी करून आले काऊन जी?” उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला, पण त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

हे गोळे हातात घेतले की चांगले जड लागतात. काही बोटाएवढे, काही मुठीत न मावणारे. एका टोकाला निमुळते, पृष्ठभागावर बारीक चिरा आणि चपटलेल्या बाजू, म्हणजे पडले तेव्हा ओले होते. चार्ल्स मॅटलीने जबलपूरची टेकडी पिंजून काढल्यावर पिजदुऱ्याकडेही मोर्चा वळवला आणि 1939 मध्ये फक्त या शेणावर एक निबंध लिहिला. आकार-घडणीप्रमाणे त्याने गट पाडले. सर्वांत मोठ्या ‘अ’ गटात हाडांचे तुकडे नाहीत. म्हणजे ते मांसाहाऱ्याचं नव्हे. शिवारात टायटॅनोसॉरची हाडं मुबलक, तेव्हा शेणही त्यांचंच असावं, हा सरळ तर्क. अर्थात शेणावर सही कुणी करून ठेवत नाही, त्यामुळे हा तर्कच आहे.

पुढची कित्येक वर्षं मान मिळाला तो मात्र हाडांना. पिजदुऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीत कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या माणसांना टायटॅनोसॉरचा बराचसा सांगाडा मिळाला. 1997 मध्ये तो जाहीर झाला आणि नवं नाव मिळालं 2003 मध्ये: इसिसॉरस. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. सांख्यिकीच्या संस्थेचं हाडांशी काय देणंघेणं, असं विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचं श्रेय प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं. त्यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना बोलावून संस्थेत जीवाश्मांचा अभ्यास सुरू करवला. त्याच गटाने प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून बारापासॉरस बाहेर काढला. त्याच्या नावात टागोर जोडले, कारण तो मिळाला तेव्हा रवींद्रनाथांची जन्मशताब्दी चालू होती. आकडेमोड करणाऱ्यांनी डायनोसॉर उभा केला आणि त्याला कवीचं नाव दिलं. असली कामं बंगालीच करू जाणे!

शेणाची पाळी आली ती 2004-05 मध्ये. आधी त्यात पानांवर वाढणाऱ्या बुरश्यांचे अवशेष मिळाले, म्हणजे या जनावरांनी झाडपाला खाल्ला होता. मग लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांचे सहकारी कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्यातल्या सिलिकाच्या कणांकडे मोर्चा वळवला. ज्वारीच्या ताटव्यातून उघड्या हातांनी गेलेल्याला हे कण वेगळे समजावून सांगायला नकोत, हात कापतात ते पानांतल्या सिलिकामुळे. वनस्पती मातीतून सिलिका शोषते आणि तिच्या पेशींत त्याचे साचे तयार होतात. पान कुजतं, पोटात पचतं, पण साचा शाबूत राहतो, आणि गवताच्या साच्याची घडण इतरांपेक्षा वेगळी असते. अशा तपासणीत गोळ्याचा बाहेरचा थर काढून टाकावा लागतो, कारण शेतातल्या आजच्या गवताचे कण त्याला चिकटलेले असतात. आतला भाग घ्यायचा, आम्लाने चुना विरघळवायचा, उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली.

तिथे गवत दिसलं. एक नव्हे, किमान पाच प्रकारचं. ताडकुळातली झाडं, सूचिपर्णी वृक्ष आणि इतर वनस्पतीही होत्या, गवत हा या चाऱ्यातला एक भागच. पण गवत होतं हीच बातमी होती. तोवर गवताचे भरवशाचे अवशेष डायनोसॉर संपल्यानंतरच्याच काळातले होते. म्हणून डायनोसॉरच्या चित्रांत पायाखाली नेचे आणि सायकॅड काढत, गवताची काडी काढली की चित्रकाराची चूक धरत. नोव्हेंबर 2005 मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात हा निबंध आला आणि तो नियम मोडला. 2011 मध्ये त्याच चमूतल्या काहींनी आणखी पुढचं पाऊल टाकलं: पिजदुऱ्याच्या शेणातले काही साचे भाताच्या कुळातले. म्हणजे आपल्या ताटातल्या भाताचे दूरचे नातलग त्या काळी इथे उगवत होते आणि कुणीतरी ते चरत होतं.

टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव गेलं, मॅटलीच्या काळातल्या कितीतरी नावांची छाटणी झाली. पाच गवतं अजून टिकून आहेत. हाडावरून प्राण्याचा आकार कळतो. त्याचं जेवण, आणि त्या जेवणावरून भोवतालचं रान, हे शेणच सांगतं. माझ्या विषयातल्या लोकांनी नावं ठेवण्याची घाई थोडी कमी करून असल्या गोळ्यांना वेळ दिला असता तर गवताची ही बातमी आपल्याला 2005 च्या खूप आधी मिळाली असती.

पिजदुऱ्याला कुंपण घातलेलं मी कधी पाहिलं नाही. तिथले नमुने नागपूर, कोलकाता, लखनौ, लंडन असे विखुरले, आणि सहलीला गेलेल्यांच्या शोकेसमध्येही गेले. सुटा गोळा घरी नेला की तो कुठल्या थरातला हे कायमचं हरवतं, आणि अभ्यासाच्या दृष्टीने तो निरुपयोगी होतो. तेव्हा जायचं असेल तर पेरणीआधी जा, शेतमालकाला विचारून जा, काही दिसलं तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. वस्तू तिथेच राहू द्या.