‘स्थिर’ वाणाच्या आकड्याची कुळकथा

भाताचा वाण ‘स्थिर’ आहे की नाही हे ज्या आकडेमोडीने ठरवले जाते, तिचे मूळ बार्लीच्या शेतात सापडते. १९३८ साली येट्स आणि कॉक्रन या संख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मिनेसोटातील बार्लीचे जुने निकाल पुन्हा तपासायला घेतले. पाच वाण, सहा ठिकाणे, दोन वर्षे. पाऊस किंवा मातीचा कस वेगळा न मोजता, सगळ्या वाणांची त्या ठिकाणची सरासरी हेच त्या जागेचे माप धरायचे आणि एकेका वाणाचे उत्पादन त्याच्याशी ताडायचे, ही त्यांची युक्ती. ट्रेबी हा वाण चांगल्या जागी इतरांपेक्षा अधिकच उचल खातो, हे तिने उघड केले. १९६३ साली ऑस्ट्रेलियात फिनले आणि विल्किन्सन यांनी हीच युक्ती बार्लीच्या २७७ वाणांना लावली आणि जागा सुधारली की वाण किती सुधारतो, तो ‘उतार’ स्थिरतेचे माप ठरला. उतार शून्य म्हणजे पूर्ण स्थिर, असा त्यांचा हिशेब. तीनच वर्षांनी मक्यावर काम करणाऱ्या एबरहार्ट आणि रसेल यांनी उतार एक, त्या उताराच्या रेषेपासूनचे विचलन शून्य आणि सरासरी भरघोस, असा वाण आदर्श मानला. इथे ‘स्थिर’चा अर्थच पालटला: आधी न बदलणारा, आता अंदाज बांधता येणारा. भारतात अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प १९६५ साली सुरू झाला होता, त्यामुळे अनेक ठिकाणच्या चाचण्यांचे आकडे या पद्धतीला आयतेच मिळाले.

वाणाचे उत्पादन ज्या सरासरीशी ताडायचे तिच्यातच ते मिसळलेले असते, असा आक्षेप घेतला जातो. वाण पाच असतील तर तो रास्त आहे. पन्नास असतील तर फारसा उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. खाऱ्या पाण्याने पीक बसले किंवा पावसाने दडी मारली, तरी सरासरी सारखीच घसरते आणि दोन निराळी संकटे एकाच आकड्यात लपतात. यावर सूत्र अधिक बारीक करून भागणार नाही, आधी जागा वेगळ्या कराव्या लागतील. कोकणात पाणी न धरणाऱ्या वरकस जमिनीला लवकर पिकणारे हळवे भात, पाणी धरणाऱ्या खाचराला उशिरा पिकणारे गरवे, हा भेद शेतकऱ्याने केव्हाच केलेला आहे. खार जमिनीसाठी ‘पनवेल’ मालिकेतले वाणही स्वतंत्रच काढावे लागले. म्हणून वरकस, खाचर आणि खार यांची एकच सरासरी काढून दिलेले स्थिरतेचे प्रशस्तिपत्र कोकणातल्या शेतकऱ्याच्या उपयोगाचे नाही.