अजिंठा अभ्यागत केंद्र

अजिंठा अभ्यागत केंद्र : छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, अजिंठा लेण्यांपासून सुमारे ४ किमी. अंतरावर फर्दापूर येथे जपानच्या कर्जसाहाय्याने उभारलेले केंद्र. ते २०१३ मध्ये खुले झाले. क्र. १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृती हा त्याचा गाभा. प्रेक्षकाला चित्रासमोर नव्हे, तर चित्राच्या आत उभे करणारे पूर्णाकृती प्रतिकृतीचे हे माध्यम अजिंठ्याला साजेसे आहे. कारण तेथील जातककथा (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा) भिंतभर पसरलेल्या असून त्या चालत, मान वळवत पाहाव्या लागतात. प्रतिकृतीची गरजही खरी आहे. मूळ चित्रे माती व वनस्पतींच्या तंतूंच्या गिलाव्यावर, चुन्याचा हात देऊन रंगवलेली आहेत. गर्दीच्या श्वासातील दमटपणा त्यांना बाधतो. फ्रान्समधील प्रागैतिहासिक चित्रांची लास्को गुहा अशाच कारणाने १९६३ मध्ये बंद करून १९८३ मध्ये तिची प्रतिकृती खुली करण्यात आली.

नकलेला अस्सलाची सर येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि मूळ लेण्यातील मंद उजेडात बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रातील मुकुटाची नक्षी नीट दिसत नाही. प्रतिकृती ती जवळून दाखवू शकते. म्हणून ती मूळ दर्शनाची पूर्वतयारी ठरते. दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर केलेल्या अजिंठा-चित्रांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या अनेक प्रतींचीही १८८५ मध्ये तीच गत झाली. फर्दापूरचे केंद्रही थकीत वीज-पाणी देयकांपायी बंद पडले. यावरून प्रतिकृती निरुपयोगी ठरत नाही. तिला एकरकमी बांधकामापेक्षा कायमची देखभाल हवी, एवढेच सिद्ध होते. चित्रकला, इतिहास व संगणकशास्त्र एकत्र आणणारी विद्यापीठीय प्रयोगशाळा देखभालीचे हे काम पिढ्यानपिढ्या चालवू शकेल.