तंत्रसाहाय्यित बालसमुपदेशन (वऱ्हाड)

दूरध्वनी, व्हिडिओ कॉल, मोबाईल ॲप किंवा संगणकीय खेळ यांच्या मदतीने मुलांशी बोलून केलेला मानसोपचार. अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात यातले मुख्य साधन आजही साधा फोनच आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चारही प्रादेशिक मनोरुग्णालये या विभागाबाहेर आहेत. अमरावतीचे इर्विन आणि अकोल्याचे सर्वोपचार ही त्यातल्या त्यात जवळची रुग्णालये. पण धारणीहून अमरावती गाठायची म्हणजे आईबापाची दिवसाची मजुरी बुडते.

सेवा. संकटातल्या मुलांसाठीची १०९८ ही सेवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. शेतकरी कुटुंबांसाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात (२०१५) १०४ क्रमांकावर समुपदेशन मिळू लागले. ‘टेलि-मानस’ (१४४१६) १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या हंगामात शिक्षण मंडळही फोनवर समुपदेशक नेमते. अमरावती विभागीय मंडळाकडे पाच जिल्हे येतात.

समुपदेशकांचे अनुभव. फोन कुणाचा आहे, हे आधी विचारावे लागते. तो बहुधा वडिलांचा असतो. ते शेतात गेले की घरात फोन नाही, आणि घरी असले की मुलाला बोलायला कोपरा नाही. स्पीकर सुरू ठेवून आईच उत्तरे देऊ लागते. “सांग ना बाबू, मॅडम काय विचारून राह्यल्या!” असे तिने म्हटले की “मले काई नाई झालं” एवढेच ऐकू येते आणि गाडी तिथेच अडते. म्हणून जाणते समुपदेशक सुरुवातीला फक्त हो-नाही म्हणता येईल असे प्रश्न विचारतात. शेजारी बसलेल्याला त्यातून फारसे काही कळत नाही. लहान मूल मान हलवते, ती फोनवर दिसत नाही. ते गप्प झाले तर रडते आहे, रुसले आहे की रेंज गेली, ते उमगत नाही. समोरासमोर बसल्यावर कामी येणारी शांतता इथे काही क्षणांतच ‘हॅलो, हॅलो’ने मोडते.

किशोरवयीनांचे मात्र बरेचदा उलट असते. अचलपूर-मूर्तिजापूरसारख्या गावात ‘डोक्याच्या डॉक्टर’कडे जाताना कुणी ना कुणी ओळखीचे भेटतेच. फोनवर ती धास्ती नाही. चेहरा दिसत नसल्यामुळेच मोकळे बोलणारी मुले असतात, आणि व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवू दिला तर तीच जास्त वेळ टिकतात.

खेळ आणि ॲप. आयर्लंडमध्ये तयार झालेल्या ‘पेस्की नॅट्स’ या खेळात नकारात्मक विचार चावऱ्या चिलटांच्या रूपात येतात. मूल आणि उपचारक शेजारी बसून एकाच पडद्याकडे पाहतात, त्यामुळे नजरेला नजर देण्याचे दडपण उतरते. न्यूझीलंडच्या ‘स्पार्क्स’ खेळाची चाचणी १८७ किशोरवयीनांवर झाली (२०१२). गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने आपल्याकडच्या शाळकरी मुलांसाठी ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ हा अडचणी सोडवण्याचा खेळ मोबाईलवर आणला, तोही समुपदेशकाच्या सोबतीने. संगतच्याच ‘विश्राम’ प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत काम झाले आणि नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तो प्रकल्प प्रौढांसाठी होता. तरी वऱ्हाडात कुठलेही ॲप आणण्याआधी हा आकडा पाहावा, कारण त्यामागे घरोघरी फिरलेली माणसे होती.

कायदा आणि मर्यादा. अठरा वर्षांखालील मुलाच्या उपचाराला पालकांची संमती लागते. लैंगिक अत्याचार कळला, तर २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे ‘तू सांगशील ते कुणाला सांगणार नाही’ असे वचन समुपदेशकाला देता येत नाही. कुठली गोष्ट गुप्त राहणार नाही, हे पहिल्याच कॉलमध्ये मुलाला सांगावे लागते. मेळघाटात अडचण दुहेरी आहे. बऱ्याच गावांत रेंज नाही आणि कोरकू मुलाला फोनवरची मराठी परकी वाटते. निवासी आश्रमशाळेतल्या मुलाला बोलायचे तर फोन शिक्षकांचा किंवा अधीक्षकांचा. तक्रार त्यांच्याविषयीच असेल, तर महिन्यातून एकदा का होईना, समुपदेशकाने स्वतःच तिथे जावे लागते.