छायाचित्र आणि त्याची मूळ प्रत

चाळीसगावच्या रेल्वे स्थानकानजीक केकी मूस यांचे घर आहे. आज ते संग्रहालय आहे. १९१२ साली जन्मलेले हे पारशी कलावंत मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले, पुढे इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन परतले आणि या घरात जे शिरले ते १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सुमारे पन्नास वर्षे, क्वचितच उंबरठ्याबाहेर पडले. या एकान्तवासामागे एक प्रेमकथा सांगितली जाते. ती आम्ही येथे बाजूस ठेवतो, कारण तिच्यामुळे त्यांच्या कामाकडे दुर्लक्ष होते.

घराबाहेर न पडणाऱ्याला निसर्गदृश्य कोठून मिळावे? मूस यांनी ते टेबलावर उभे केले. ‘टेबलटॉप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात मीठ किंवा पीठ पसरले की हिमप्रदेश होतो, वाळकी काटकी पर्णहीन वृक्ष होते. प्रकाश नेमका पडला की पाहणारा फसतो. तरीही ही लबाडी नव्हे. कॅमेऱ्याने समोर होते तेच टिपले, आणि कलावंताने आपल्या कृतीस टेबलटॉप असेच म्हटले.

फोटोतील वस्तू बदलण्याची हौस छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. म्युनिकच्या हान्फश्टेंगल याने १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात हाताने सुधारलेली निगेटिव्ह मांडली. १८५७ मध्ये रेयलँडर याने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र सिद्ध केले. आपल्याकडील स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून देवीचे व्रण पुसत. कोणाची तक्रार नसे, उलट त्याचेच पैसे मिळत! मात्र हीच कला सत्तेच्या हाती गेली तेव्हा भयानक झाली. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टॅलिनशेजारी येझॉव्ह उभा होता. १९४० मध्ये त्याला गोळी घातली गेली आणि पुढच्या प्रतींत त्याच्या जागी कालव्याचे पाणी आले.

ते पाणी कोणा कारागिराने हाताने भरले होते आणि मूळ फोटोही शिल्लक राहिला. म्हणूनच लबाडी उघड झाली. आज कारागिराची गरज उरलेली नाही. २०२१ पासून काही मोबाइल फोनवर नको ती वस्तू बोटाने पुसता येते. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये अशी सोय आली की, जागा आखून शब्द लिहिला की तेथे हवी ती वस्तू येते. हे यंत्र असंख्य चित्रांवरून शिकलेले असते. पुसलेल्या माणसामागे काय होते हे त्याला ठाऊक नसते. आजूबाजूचे पाहून ते तेथे काय शोभेल याचा अंदाज बांधते. भिंत अगदी खरी वाटते, पण ती कोणत्याच गावाची नसते. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर जाकिटातील चित्र जगभर फिरले. ते अथपासून इतिपर्यंत यंत्राने रचलेले होते, तरी कित्येकांनी ते खरे मानले.

आम्हांस चिंता वाटते ती आपल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांची. जुन्या सामूहिक फोटोच्या कडेला बैलगाडी असते, अनवाणी मुले असतात, कोपऱ्यात धर्मशिक्षक मास्तर अर्धवट दिसतात. फोटो ‘स्वच्छ’ करताना नेमके हेच प्रथम जाते. वास्तविक मधल्या पाहुण्यांची नावे नोंदवहीत असतातच. कडेच्या माणसांचा पुरावा मात्र बहुधा तेवढाच.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यांनी प्रसिद्ध केले ते घरोघरचे मूळ कागद मिळवून. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ त्यांचेच नाव चालवीत आहे. नक्कलकाराने घातलेली भर मूळ कागद हाताशी असला तरच पकडता येते. फोटोचेही तसेच आहे.

तेव्हा स्मरणिकेसाठी फोटो द्यावयाचा तर मूळ प्रत निराळी ठेवावी, बदललेल्या प्रतीखाली ‘यंत्राने फेरफार केलेले’ असे छापावे, आणि मूळ फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने साल व ओळखता येतील तेवढ्यांची नावे लिहावी, कडेच्यांचीसुद्धा. कोणाच्या माळ्यावर जुन्या स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह पडून असतील, तर भंगारात देण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामात कळवावे.