पहिल्या सामन्याआधी

परवा संध्याकाळी माणगावात एसटी स्टँडजवळच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. पाऊस नुकताच थांबला होता, हायवेवर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती आणि शेजारी उभे असलेले तिघेजण एका सामन्याचा निकाल सांगत होते. सामना व्हायचा होता शनिवारी! पण निकाल लागून गेला होता.

"दहा पॉइंटनी काढतील बघ."
"दहा? अरे, दोन लोण चढवतील दोन."
"समोरचं कॉलेज आत्ता कुठे कबड्डी खेळायला लागलंय. त्यांना काय येतंय?"

मी गप्प राहून चहा संपवला. कारण ज्या संघाबद्दल हे चाललं होतं, त्यात माझा पुतण्या डावा कोपरा खेळतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा मोसम आता कुठे सुरू होतोय, आणि शनिवारी त्यांची पहिलीच फेरी.

घरी आलो तर हा पठ्ठ्या ओटीवर बसून घोट्याला पट्टी गुंडाळून बघत होता. म्हटलं, "काय रे, शनिवारचं सोपं आहे म्हणतात." तर मान वर न करता म्हणाला, "तेच तर ना काका. जिंकलो तर कोणी विचारणार नाही. हरलो तर बाजारातून जायची सोय नाही."

एकोणीस वर्षांच्या पोराचं हे बोलणं काही डोक्यातून जाईना. टपरीवरच्या त्या तिघांना एवढी खात्री कुठून आली? आणि त्या तिघांनाच का नावं ठेवा, मलाही तीच खात्री होती की! ही खात्री आली कुठून, याचा विचार करत बसलो, आणि मग बरंच जुनं काय काय आठवत गेलं.

आमच्या रायगडात (माझ्या लहानपणी कुलाबा जिल्हा, १९८१ मध्ये नाव बदललं) कबड्डीचा खरा मोसम सुरू होतो तो भात घरात आल्यावर. शेतं मोकळी होतात, दिवाळी होऊन जाते, आणि मग एकेका गावात मैदान तयार व्हायला लागतं. माती चाळायची, पाणी मारायचं, चोपायची, फक्कीने रेषा आखायच्या. रात्री दिव्यांच्या उजेडात सामने. मुंबईचे चाकरमानी खास रजा टाकून येतात. हे गावचे सामने सुरू होण्याआधीच कॉलेजच्या पोरांचे सामने होतात, पावसाळा सरता सरता. त्यामुळे वर्षातली पहिली चर्चा त्यांच्यावरच. पाच महिने पावसात अडकून पडलेली माणसं, कोणाचाही खेळ बघितलेला नाही, आणि तरी प्रत्येकाला सगळं माहीत! गेल्या वर्षीचे सामने आठवून यंदाचे निकाल सांगायचे, ही आमच्याकडची जुनी खोड आहे.

माझे थोरले काका, अण्णा, स्वतः हुतूतू खेळलेले. हो, हुतूतूच. 'कबड्डी' हा शब्द त्यांच्या तोंडात शेवटपर्यंत नीट बसला नाही. ते नेहमी सांगत की पूर्वी एकाच खेळाचे तीन प्रकार होते. 'गामिनी'त एकदा बाद झालेला गडी बाहेर गेला तो गेलाच. अख्खा संघ बाद होईपर्यंत त्याने रेषेबाहेर बसायचं. 'अमर'मध्ये कोणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजायचे. आणि 'संजीवनी'त बाद झालेला गडी बाहेर जायचा, पण आपल्या संघाने समोरचा एक गडी मारला की पुन्हा उठून आत यायचा. गावोगाव नियम वेगळे. एका गावचा संघ दुसऱ्या गावात गेला की पहिला अर्धा तास नियमांवरून भांडण!

ही भांडणं मिटवायची म्हणून नियम कागदावर आणण्याची खटपट सुरू झाली, आणि त्यात आपली मराठी माणसं पुढे होती. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून अखिल भारतीय सामने भरवले. पुढे १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते पुन्हा तपासून घेतले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जर्मनीत दाखवून आली. १९३८ मध्ये कलकत्त्याला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याला जागा मिळाली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा. आपला हुतूतू, बंगालचा हाडुडू, तमिळनाडूचा चडुगुडू, सगळे एका नावाखाली आले.

इथे मला एक गोष्ट नव्याने जाणवली. नियम कागदावर कशासाठी लिहितात? आपल्या गावातल्या पोरांना ते तोंडपाठच असतात. नियम लिहायचे ते दुसऱ्याला खेळता यावं म्हणून. म्हणजे या मंडळींना हवं होतं ते हेच, की परक्या माणसाने यावं, हा खेळ शिकावा आणि आपल्यासमोर उभं राहावं. बुवा साळवींसारख्या माणसाने, ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो, सगळं आयुष्य यातच घातलं. १९७९ मध्ये सुंदर राम नावाचे गृहस्थ दोन महिने जपानमध्ये राहून तिथल्या पोरांना कबड्डी शिकवत होते. दम घेऊन "कबड्डी, कबड्डी" म्हणणाऱ्या जपानी पोरांचं चित्र डोळ्यांपुढे आणून बघा!

मग आलं १९९०. बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पहिल्यांदा पदक ठेवलं गेलं (१९८२ ला दिल्लीत ती नुसती दाखवण्यापुरती होती). त्या वर्षी भारताचं बाकी सगळीकडे पानिपत झालं. सगळ्या स्पर्धेत मिळून सुवर्णपदक एकच, आणि ते कबड्डीचं! मी तेव्हा कॉलेजात होतो. अण्णांना बातमी सांगायला धावत गेलो तर ते म्हणाले, "त्यात काय? आपलंच होतं ते."

आपलंच होतं ते... टपरीवरच्या खात्रीचं मूळ मला तरी या वाक्यात सापडलं. १९९०, ९४, ९८, २००२, २००६, २०१०, २०१४. पुरुषांची सात सुवर्णपदकं ओळीने. महिलांची स्पर्धा २०१० ला सुरू झाली, तिथलीही पहिली दोन आपलीच. पंचवीस वर्षं एकच निकाल ऐकला की माणूस खेळ बघायचा थांबतो, फक्त निकालाची वाट बघतो. कबड्डीत भारत कोणाशी खेळतोय हे विचारायची आपल्याला गरजच उरली नव्हती.

७ ऑक्टोबर २०१६. अहमदाबादला विश्वचषक सुरू झाला. पहिलाच सामना भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. आमच्या घरी टीव्हीसमोर बारा-तेरा जण. पुतण्या तेव्हा लहान, पुढे मांडी घालून बसलेला. चर्चा काय, तर किती लोण चढणार. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत भारत पुढेही होता. आणि मग जँग कुन लीने चढाया करून करून सामना फिरवला. ३४-३२, कोरिया! खोलीत अशी शांतता, की जणू दिवे गेलेत. हा ली काही आभाळातून पडला नव्हता. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तो बंगालकडून आपल्याच खेळाडूंसोबत खेळत होता. आपण त्याला टाळ्याही वाजवल्या होत्या. फक्त तो आपल्याला हरवू शकेल हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या विश्वचषकाचं पुढे काय झालं हे बहुतेकांना आठवतं. २२ ऑक्टोबरला अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण पुढे होता, अजय ठाकूरने एकामागून एक चढाया मारल्या आणि आपण ३८-२९ ने जिंकलो. चषक घरात आला आणि पहिला सामना विसरला गेला. मला वाटतं, तिथेच चुकलं.

कारण २०१८ ला जकार्तामध्ये तेच पुन्हा झालं, आणि या वेळी सावरता आलं नाही. गटात कोरियाकडून २४-२३ अशी हार, मग उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८. सात वेळा सोनं नेणारा संघ कांस्यपदक घेऊन आला. त्या वर्षीची हार आपल्याकडच्या लोकांना जास्तच लागली. जानेवारीत महाराष्ट्राने रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं होतं, रिशांक आणि गिरीश इर्नाक भारतीय संघात होते, आणि आता तर काय, असं वातावरण होतं. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना. तिथेही इराणच, २७-२४.

आणि त्या इराणी मुलींची प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! आयुष्यभर नाशिकमध्ये मुलींना कबड्डी शिकवलेली ही बाई इराणला गेली, कामापुरती फारसी शिकली, त्या मुलींना प्राणायाम शिकवला, पकडी शिकवल्या, आणि सोनं त्यांच्या गळ्यात घातलं. तेव्हा काही लोक त्यांच्यावर नाराज झालेले मी ऐकले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आज तर मुळीच पटत नाही. १९२३ ला बडोद्यात ज्यांनी नियम छापले, त्यांच्याच कामाचा हा पुढचा भाग नाही का? खेळ दुसऱ्याला मनापासून शिकवायचा, आणि तो शिकला की रुसून बसायचं, हे कसं चालेल?

२०२३ मध्ये हांगचौला दोन्ही सुवर्णपदकं परत आली. पण कशी? महिलांचा पहिलाच सामना चायनीज तैपेईशी ३४-३४ बरोबरीत सुटला. त्याच तैपेईशी अंतिम सामना, २६-२५. एका गुणाने! पुरुषांचा अंतिम सामना इराणशी, शेवटच्या मिनिटांत नियमावरून वाद, खेळ थांबलेला, आणि अखेर ३३-२९. अण्णा असते तर म्हणाले असते, नियम छापून शंभर वर्षं झाली तरी भांडण आहेच.

गंमत म्हणजे आमच्या पुतण्याच्या मोबाइलवर फोटो कोणाचा आहे, तर फझल अत्राचलीचा. इराणचा डावा कोपरा. २०१५ ला यू मुंबाने प्रो कबड्डी जिंकली तेव्हा त्या संघात तो होता, आणि २०१८ ला सुवर्ण जिंकणाऱ्या इराणी संघातही. माणगावचा पोरगा इराणी माणसाची घोट्यातली पकड मोबाइलवर दहा-दहा वेळा बघून शिकतो, आणि टपरीवर त्याच्या नावाने लोक म्हणतात, "आपलाच खेळ आहे, समोरच्यांना काय येतंय?" त्या समोरच्या कॉलेजातली पोरंही रात्री हेच बघत असणार की!

रात्री जेवणं झाल्यावर त्याला हे सगळं सांगितलं. म्हणजे इतकं लांबण लावलं नाही, तो उठून गेला असता. एवढंच विचारलं, "गामिनी, अमर आणि संजीवनी, यातला कुठला प्रकार आज आपण मुख्यतः खेळतो?" म्हणाला, "संजीवनी. गडी उठतो ना."

म्हटलं, मग झालं तर. नियम ठरवणाऱ्यांसमोर तिन्ही प्रकार होते. गामिनी चालू राहिली असती तर पहिल्याच चढाईत घोटा सुटलेला कोपरा उरलेला सामना बाहेर बसून बघत राहिला असता. ज्यात गडी परत उठतो, तोच प्रकार टिकला. सामन्यात उठतो तसा मोसमातही उठतो. २०१६ चा संघ पहिल्या सामन्यात पडला होता आणि पंधरा दिवसांनी चषक घेऊन उभा होता. शनिवारी हरलास तर बाजारातून मी तुझ्याबरोबर येईन. आणि जिंकलास तर समोरच्या पोरांपैकी कोण चांगला खेळला, ते मात्र मला येऊन सांगायचं.

यावर तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, त्यांचा उजवीकडून येणारा एक चढाईवाला आहे. त्याचा एक व्हिडिओ मिळालाय. लाथ जरा लांब टाकतो. बघायचाय?"

मग अकरा वाजेपर्यंत आम्ही दोघं त्या अनोळखी पोराच्या चढाया बघत बसलो. लाथ खरंच लांब टाकतो. शनिवारी जायला हवं.