पॅन अ‍ॅम इमारतीवरचा तळ

उड्डाणाचा गोंगाट आणि धोका वस्तीपासून दूर असावा, हा विमानतळ बांधण्यामागचा जुना संकेत आहे. न्यूयॉर्कमधील पॅन अ‍ॅम इमारतीने तो मोडून पाहिला. ग्रँड सेंट्रल स्थानकाला खेटून १९६३ साली उभी राहिलेली ही ५९ मजली इमारत मुळातच वादग्रस्त होती. पार्क अ‍ॅव्हेन्यूची दृष्टिरेषा तिने अडवली, आणि वॉल्टर ग्रोपिअससारख्या वास्तुकाराचे नाव जोडलेले असूनही तिच्यावरची टीका थांबली नाही. त्यातच डिसेंबर १९६५ मध्ये तिच्या गच्चीवरून केनेडी विमानतळाकडे हेलिकॉप्टरची नियमित वाहतूक सुरू झाली. रस्त्यावरच्या कोंडीत जिथे तासभरही जाई, ते अंतर आता दहाएक मिनिटांचे झाले.

या तळाच्या इतिहासात एक अपघात ठळकपणे सांगितला जातो आणि त्यामुळेच तो बंद पडला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे खरे आहे. पण अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. अपघाताच्या नऊ वर्षे आधी, फेब्रुवारी १९६८ मध्येच, हा तळ एकदा बंद झाला होता, आणि तेव्हा कारण होते पैशांचे. ही सेवा चालवणाऱ्या न्यूयॉर्क एअरवेज या कंपनीला मिळणारे सरकारी अनुदान १९६५ मध्येच थांबले होते. त्यानंतर तिची भिस्त मोठ्या विमान कंपन्यांच्या मदतीवर होती. पुरेसे उतारू मिळेनात, तेव्हा तो आधारही टिकला नाही. वेळ वाचवणे सर्वांनाच आवडते. परंतु त्याची पुरी किंमत मोजणारे थोडेच असतात, हे त्या दोन वर्षांत दिसून आले होते.

तरीही फेब्रुवारी १९७७ मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. शहरवासीयांचा विरोध होता, आवाजाची तक्रार होती. जेमतेम साडेतीन महिने लोटले आणि १६ मे १९७७ च्या सायंकाळी गच्चीवर उभ्या असलेल्या सिकॉर्स्की एस-६१ हेलिकॉप्टरचा उजवा पाय मोडला. यंत्र कुशीवर कलंडले. त्याचे पंखे फिरतच होते, कारण उतारूंची चढउतार चालू पंख्यांखालीच होत असे. फेऱ्यांमधील वेळ वाचवण्याची ती रीत होती. चढण्यासाठी आलेल्या चौघांचा त्यात मृत्यू झाला. पात्याचा एक तुकडा खाली मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर जाऊन पडला आणि त्याने रस्त्याने चाललेल्या एका स्त्रीचा बळी घेतला.

चौकशीत निघालेले कारण अगदी क्षुल्लक दिसते. पायाच्या सांध्यातील एका भागाच्या पृष्ठभागावर बारीकशी खळगी होती. तिथून धातू थकत गेला, तडा वाढत गेला आणि अखेर तो भाग तुटला. असा दोष कोणत्याही यंत्रात, कोणत्याही तळावर उद्भवू शकतो. मोकळ्या माळावर त्याची झळ हेलिकॉप्टरजवळच्या माणसांपुरती राहिली असती. इथे ती कित्येक मजले उतरून भर रस्त्यात पोहोचली. म्हणूनच या पाच मृत्यूंपैकी पाचवा आम्हांला अधिक विचारात टाकतो. गच्चीवरच्या चौघांनी निदान त्या प्रवासाची निवड केली होती. रस्त्यावरच्या स्त्रीला या सोयीतून काहीच मिळायचे नव्हते. वाचलेली मिनिटे तिची नव्हती, तिच्या वाट्याला आला तो केवळ धोका. नफ्याचे भागीदार मोजके आणि जोखमीचे भागीदार सारे शहर, ही त्या व्यवहाराची मूळ रचनाच होती. अपघाताने ती उघडी पाडली.

त्यानंतर ही गच्ची वाहतुकीस खुली झाली नाही. एप्रिल १९७९ मध्ये नूअर्क येथे आणखी एक अपघात होऊन तिघे दगावले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क एअरवेजचे दिवाळे निघाले. पॅन अ‍ॅमने १९८१ मध्ये इमारत विकली. १९९१ च्या डिसेंबरात ती कंपनीही संपली. आज इमारतीवर मेटलाइफ हे नाव आहे.

उंच छतांवरून हवाई टॅक्सी उडवण्याच्या योजना आता पुन्हा मांडल्या जात आहेत. त्यांत किती मिनिटे वाचतील, हे आवर्जून सांगितले जाते. खालच्या रस्त्याने चालणाऱ्याची संमती कोणी घेतली, हा प्रश्नही तितक्याच आवर्जून विचारला गेला पाहिजे.