शाळा संपल्यानंतरचा सोमवार

मंडळी, आज एका साध्या प्रश्नाचा इतिहास बघू. स्वमग्न मूल शाळेत जातं, शिकतं, आणि बघता बघता वीस वर्षांचं होतं. शाळा संपली. मग सोमवारी सकाळी त्यानं जायचं कुठे?

१९६२ साली लंडनमध्ये काही पालकांनी एक संस्था काढली. तीच आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी. सिबिल एल्गर या बाई त्याच सुमारास स्वतःच्या घराच्या तळघरात अशा मुलांना शिकवत होत्या. ब्रिटनमधला कायदा तेव्हा काही मुलांना चक्क 'शिकवण्यापलीकडची' ठरवू शकत होता. तो बदलला १९७० मध्ये. बाईंची शाळा त्याआधीच, १९६५ ला, ईलिंगमध्ये उभी राहिली होती. पुढे मुलं मोठी झाली आणि १९७४ मध्ये सॉमरसेट कोर्ट सुरू झालं, गावाकडच्या एका मोठ्या वास्तूत, प्रौढांसाठी. आता, समाजात वावरायचं कसं हे समाजापासून लांब राहून शिकायचं, यात विसंगती आहेच. पण मी त्यांना दोष देणार नाही. नाहीतर अनेकांच्या वाट्याला इस्पितळाचा वॉर्डच यायचा.

खरं वळण आलं ते स्वमग्न माणसं स्वतः बोलू लागली तेव्हा. १९९३ मध्ये टोरांटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी पालकांना सांगितलं, आमच्यासाठी शोक करू नका. १९९६ पासून त्यांच्या मंडळींनी अमेरिकेत 'ऑट्रीट' नावाचं शिबिर भरवलं. तिथली एक युक्ती मला फार आवडते. प्रत्येकाच्या छातीवर रंगीत बिल्ला. लाल म्हणजे आत्ता माझ्याशी बोलू नका. पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोला. आणि हिरवा? मला बोलायचंय, पण सुरुवात जमत नाही. ती तुम्ही करा. (लग्नाच्या स्वागत समारंभात लाल बिल्ला मीही लावला असता!) तोवर सामाजिक कौशल्य म्हणजे नजरेला नजर देणं, हात मिळवणं, आणि ते सगळं त्या मुलानंच शिकायचं. इथं अर्धं ओझं समोरच्यानं उचललं.

आपल्याकडे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला. त्याच्या उद्दिष्टांत पालकत्वाची सोय आहे, तसंच आपल्या माणसांत, शक्य तितकं स्वतंत्र जगता यावं हेही आहे. पालकांच्या बैठकांत मला मात्र प्रश्न येतात ते पालकत्वाचेच. सोमवारबद्दल कुणी विचारलं, तर सहसा कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या पंचविशीतल्या मुलानंच.